मदत हवी आहे : करारात ठेवीऐवजी ‘हातउसने’ लिहिले असल्यास तक्रार करता येईल का?

नमस्कार. आमचे गाव गुहागर तालुक्यात आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, गेल्या मे महिन्यात आंब्याचे पैसे हाती आल्यावर दरमहा ३ टक्के परताव्याच्या बोलीवर एका माणसाला ४ लाख रुपये दिले. सात महिने रक्कम वेळेवर आली. गेले चार महिने काहीच आलेले नाही आणि तो फोनही उचलत नाही.

तो घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. सावलीत बसूनही घामाच्या धारा लागाव्यात अशा उकाड्यात तो काळा सूट आणि गळ्याशी आवळलेला टाय घालून आला होता. अण्णांनी मला आत पाठवून बनियनवर सदरा चढवायला लावला आणि एरवी कपाटातून न निघणाऱ्या चिनी मातीच्या कपांतून त्याला चहा दिला. आंब्याच्या दलालाशी पेटीमागे दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे अण्णा त्याच्यासमोर मात्र संकोचून बसले. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत वर्षाला साडेसात टक्केही मिळत नसताना हा ३६ टक्के कोठून देणार, हे ना त्यांनी विचारले, ना मी.

कार्डावर ‘नोंदणीकृत’ असे छापले होते. कंपनीची नोंदणी म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे, हे आम्हाला फार उशिरा कळले. सेबीच्या नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत त्याचे नाव सापडले नाही.

मुद्रांकावरील करारात ही रक्कम ‘हातउसने’ म्हणून दाखवली आहे. अशा वेळी ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा किंवा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा लागू होतो का? मुद्दलाचा धनादेश येत्या मे महिन्याच्या तारखेचा आहे. तो न वटल्यास तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते, हे वाचले आहे. परंतु तोवर थांबावे, की रत्नागिरीला आर्थिक गुन्हे शाखेत आताच अर्ज द्यावा?

करारावर सही अण्णांची आहे आणि तेच तक्रारीला तयार नाहीत. ‘एवढा नीटनेटका माणूस, अडचणीत सापडला असेल,’ असे ते म्हणतात. त्यांच्या शब्दावर वाडीतल्या तीन घरांनीही पैसे दिले आहेत, त्यामुळे ते हल्ली संध्याकाळी देवळाकडेही फिरकत नाहीत. कोणी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अशा तक्रारीसाठी राजी केले असेल, तर ते कसे केले आणि सोबत कोणती कागदपत्रे नेली, हे कृपया सविस्तर लिहावे.