घरच्या वायफायसाठी चॅनल कोणता ठेवावा?

चिरेबंदी (मालवण)

आमच्या दोन्ही बाजूंच्या घरांत आता पर्यटकांसाठी खोल्या झाल्या असून प्रत्येक मजल्यावर वेगळा राउटर बसवलेला आहे. सुट्टीच्या दिवसांत रात्री मुलीचा ऑनलाइन वर्ग सतत अडखळतो. वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये (आसपासची नेटवर्क दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) पाहिले असता २.४ गिगाहर्ट्झच्या लहरपट्ट्यात १, ६ आणि ११ या तिन्ही चॅनलांवर (पट्ट्याच्या क्रमांकित भागांवर) गर्दी दिसते, ४ वर मात्र कोणीच दिसत नाही. राउटर ४ वर न्यावा, की 'ऑटो'वरच, म्हणजे राउटरनेच चॅनल निवडावा असा, राहू द्यावा?

खाडीकाठ (रत्नागिरी)

कृपया ४ घेऊ नये. लागोपाठच्या दोन चॅनलांमध्ये अवघे ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि सिग्नल मात्र साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो, त्यामुळे ४ वरचा राउटर १ आणि ६ या दोन्हींच्या हद्दीत शिरतो. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे प्रक्षेपण ओळखून आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट हद्दीत शिरलेल्या राउटरला मात्र तेच प्रक्षेपण केवळ गोंगाट म्हणून ऐकू येते, पॅकेट (माहितीचे तुकडे) बिघडतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. म्हणजे गर्दीत पाळीने बसणे परवडते, दोन गर्द्यांच्या मध्ये बसणे परवडत नाही. आपले शेजारीही त्यामुळे विनाकारण त्रासात पडतील.

१, ६, ११ यांतून निवडताना नावांची संख्या मोजू नका, तीव्रता पाहा. ती डीबीएम या एककात उणे आकड्यांत दिसते; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. उणे ८८ डीबीएमवर दिसणारी चार नेटवर्क एकत्र आली, तरी उणे ५० वर दिसणाऱ्या एका वापरातल्या राउटरइतका अडथळा सहसा करत नाहीत. हे मोजमाप मुलगी जिथे बसते तिथे आणि वर्गाच्याच वेळेला घ्यावे. शिवाय चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

'ऑटो'बद्दल माझा अनुभव चांगला नाही. बरेच राउटर चालू होतानाच चॅनल ठरवतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली आणि परत आली की सगळ्या आळीचे राउटर एकदमच उठतात, आणि शेजारचा अजून पुरता सुरू झालेला नसताना आपला निर्णय घेऊन बसतात.

माडाखाली (गुहागर)

१३ बद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. भारतात तो वापरता येतो आणि बहुधा रिकामाही असतो, परंतु त्याची हद्द ११ शी बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळते. शिवाय अमेरिकेसाठी बनवलेल्या काही लॅपटॉपना १२ आणि १३ दिसतच नाहीत. जवळपास ११ वर जोरदार नेटवर्क नसेल तरच तो विचारात घ्यावा.

चिरेबंदी (मालवण)

मनापासून आभार. ५ गिगाहर्ट्झचा पर्याय कसा राहील? राउटर ओटीवर आहे आणि मुलगी माजघरामागच्या खोलीत बसते.

खाडीकाठ (रत्नागिरी)

२०१८ साली आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा परवानामुक्त झाला. तिथे जागा भरपूर आहे; ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी मोकळा चॅनल निवडावा. मात्र अडचण जांभ्याची आहे. जाड चिऱ्याच्या दोन भिंती, त्याही पावसात ओल धरलेल्या, पार करताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा लवकर क्षीण होतो. तिथे कोणताही चॅनल निवडला तरी उपयोग मर्यादितच राहील.

माझे मत स्पष्ट आहे: ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल आतूनच, वाशांच्या कडेने न्यावी आणि तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट तिथे वायफायने पुरवण्यासाठी, लावावा. ओटीवरच्याला १ दिला असेल तर मागच्याला ६ किंवा ११ द्यावा. मात्र खर्च करण्यापूर्वी रात्री वर्गाच्या वेळी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग पाहा. तेव्हाही वर्ग अडखळला, तर दोष वायफायचा नसून बाहेरून येणाऱ्या लाइनचा आहे.