रिझल्ट जास्त, म्हणून गाव नावाजलेलं?

देगलूरकर
१७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या स्मरणिकेसाठी 'आकडेमोड' यांनी काल इथे 'मराठवाड्यातली पंचवीस प्रसिद्ध ठिकाणं' अशी क्रमवारी टाकली. पद्धत एकच. गावाचं नाव सर्चला टाकायचं, 'सुमारे इतके रिझल्ट' असा जो आकडा येतो तो उतरवायचा आणि मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचा. देगलूरजवळचं आमचं होट्टल त्यात नाही. विचारलं तर उत्तर आलं, 'रिझल्टच नाहीत, म्हणजे कुणाला माहीत नाही.' हे वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

होट्टलला चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर आहे. मागच्या दिवाळीत पुण्याची भाची आली होती. तिने मोबाइलवर गावाचं नाव रोमन लिपीत टाकलं, तर समोर आली नांदेडची लॉजं आणि खोल्यांचे भाडेदर. यंत्राला वाटलं पोरीला 'हॉटेल' लिहायचंय. शेवटी मीच गाडीवर बसवून नेलं. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींसमोर ती तासभर उभी होती. एकीच्या पायातला वाळा बोटाने चाचपत मला म्हणाली, "मामा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

आता उलटं बघा. तेर रोमन अक्षरांत टाका. आकडा भलामोठा येईल, कारण पोर्तुगीज भाषेत 'तेर' हे 'जवळ असणे' या अर्थाचं रोजचं क्रियापद आहे. तेर मोठंच आहे, ग्रीक व्यापाऱ्यांना ते 'तगर' म्हणून ठाऊक होतं, गोरोबाकाकांचं गाव आहे. पण तो आकडा गोरोबाकाकांचा नाही.

आकडेमोड
दादा, राग समजतो. पण स्मरणिकेच्या बैठकीत आम्ही सहा जण होतो आणि प्रत्येकाने आधी आपापलं गाव पुढे केलं. दोन तास गेले, तीन नावंसुद्धा ठरली नाहीत. आकड्याला तालुका नसतो, म्हणून ही पद्धत घेतली. अचूक आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण वेरूळ आणि होट्टल यांच्यातला फरक इतका मोठा आहे की तो स्पेलिंगच्या चुकीने पडलेला नाही. वेरूळ जास्त लोकांना माहीत आहे, हे तरी मान्य करा.

गोदाकाठ
वेरूळसाठी आकडा लागतो कुठे? प्रश्न आठव्या आणि अठराव्या क्रमांकाचा आहे, आणि तिथे हा आकडा कुचकामी आहे.

'सुमारे' हा शब्द तिथे उगाच नाही. गुगल पानं एकेक करून मोजत नाही, अंदाज सांगतं. लाखांचा आकडा दाखवणाऱ्या शोधात शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा, काहीशे नोंदींवर गाडी थांबते. तोच शोध सकाळी आणि संध्याकाळी केला तरी आकडा बदलतो.

त्यात आपली मराठी. औंढा, औंढ्याला, औंढ्याच्या. अवतरणचिन्हात 'औंढा' टाकलं की 'औंढ्याला गेलो' लिहिणारा माणूस गळालाच. रोमनमध्ये एक अक्षर सुटलं की आपण पुण्याच्या औंधात. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. दोन नावांचे आकडे वेगळे, गाव तेच. आणि औरंगाबाद बिहारमध्येही आहे.

अंबानगरी
मी अंबाजोगाईत शिक्षिका आहे. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव टाका, रिझल्ट भरपूर. बहुतेक विद्यापीठाची वेळापत्रकं, निकाल आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रवेश. मागच्या वर्षी वर्गात विचारलं, स्वामीजी कोण? पहिल्या बाकावरची हुशार मुलगी उठून म्हणाली, "नांदेडचं विद्यापीठ." निजामाविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व केलेला माणूस त्या पोरीला इमारत म्हणून माहीत आहे. मला तिथे बोलताच येईना. याला तुम्ही प्रसिद्धी म्हणणार?

आकडेमोड
ताई, हे मला सुचलं नव्हतं. पण किल्लारी नवव्या क्रमांकावर आलंय, ते तरी बरोबर ना? भूकंप म्हटलं की किल्लारीच आठवते.

सास्तूरकर
तुम्हाला आठवते. आम्हाला सास्तूर आठवतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी. आमचं माळवदाचं घर, दगडमातीच्या भिंती, वर हातभर माती. ते सगळं अंगावर आलं. मी नऊ वर्षांचा होतो. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून आजीचा पानाचा डबा निघाला, चेपलेला, आत चुना अजून ओला. आजी आदल्या दिवशीच सापडली होती. आणि आज तुम्ही मोजून सांगायलेत की आमचं गाव कुणाला माहीत नाही.

बालाघाट
भाऊ, मी किल्लारीचा. आमचंही गाव भुईसपाट झालं, दुसऱ्या जागी वसवावं लागलं. किल्लारीचं नाव झालं यात आमचा काय गुन्हा? दरवेळी हाच राग आमच्यावर काढता. इंग्रजीत तर 'लातूरचा भूकंप' म्हणतात. आम्ही कुणाशी भांडावं?

सास्तूरकर
नावाचा हेवा करायला ते काय बक्षीस आहे? मदतीच्या गाड्या किल्लारी विचारत यायच्या, तिथेच रिकाम्या व्हायच्या. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असायचो.

बालाघाट
सगळ्या गाड्या किल्लारीतच रिकाम्या झाल्या असं म्हणू नका. माझे वडील स्वतः ट्रॅक्टरवर पाण्याच्या टाक्या घेऊन तुमच्याकडे आले होते. घरात चुलत्याचं प्रेत होतं तेव्हा.

सास्तूरकर
हे मला माहीत नव्हतं. तेवढं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

गोदाकाठ
दोघांनाही विनंती, थोडं थांबा. जवळपास १०,००० माणसं गेली आणि ती रात्र सर्चमध्ये तीन नावांत वाटली गेलीय: लातूर, किल्लारी, सास्तूर. शिवाय गुगल सुरू झालं १९९८ ला. १९९३ ची आपली वर्तमानपत्रं नेटवर आहेत कुठे? पुढची कित्येक वर्षं जे छापलं ते जुन्या फॉन्टांत, त्यातलं जे नेटवर चढलं ते पानाचा फोटो म्हणून. यंत्राला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी स्वतः जिल्हा दैनिकात पंधरा वर्षं बातम्या लिहिल्या. आज माझं एक वाक्यही शोधून सापडत नाही.

आकडेमोड
बरं. क्रमांक काढून टाकतो, नावं अकारविल्हे लावतो, होट्टल घेतो. पण एक सांगा. तीन नावं मिळून एक मोजायचं, तर कुठली नावं एकत्र करायची हे कोण ठरवणार? पुन्हा आम्ही सहा जणच. म्हणून आकड्याकडे वळलो होतो.

देगलूरकर
सहा जणांना रविवारी होट्टलला घेऊन या. देगलूरच्या स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो. बघा आणि मग ठरवा.

आकडेमोड
येतो. सास्तूरकर, भूकंपाच्या नोंदीत 'किल्लारी' लिहून पुढे कंसात सास्तूर टाकतो.

सास्तूरकर
कंसात नको.

बालाघाट
कंसात नकोच. दोन्ही नावं सारख्या अक्षरांत छापा.