बांबूचं डिजेरिडू मे महिन्यात चिरलं. बांधावरच्या निलगिरीचं जमेल का?

मोहर्लीचा वाटाड्या

नमस्कार मंडळी. मी ताडोब्यात गाइड आहे. मागच्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाचे एक वयस्क पाहुणे आले होते. रात्री शेकोटीजवळ गप्पा चालू असताना ते उठले, स्वयंपाकघरामागे पडलेला पाण्याच्या पाइपाचा तुकडा घेऊन आले, त्याचं तोंड धुऊन पुसलं आणि वाजवायला बसले. जमिनीतून यावा असा आवाज. आमची कुत्री भुंकायची थांबली. दहा मिनिटं श्वास तोडला नाही त्यांनी. वाद्याचं नाव डिजेरिडू, ते झाडाचं असते, एवढंच समजलं. माझं इंग्रजी तेवढ्यापुरतंच.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. काकाच्या बांधावरचा काटंग बांबू घेतला, पाच फूट. सळाख लाल करून पेरं फोडली. जाड बाजू खाली ठेवली, बारीक बाजूने फुंकतो. आवाज निघते, पण घुमत नाही, नुसती फुरफुर. त्यात मे महिन्यात एक चीर वरून खालपर्यंत गेली.

बांधावर निलगिरीची बारा झाडं आहेत. एक तोडून करावं का? आणि पाच फूट लाकडात आरपार भोक तिकडचे लोक पाडतात तरी कशाने? श्वासाचंही कोणी सांगावं.

सुताराचा नातू, मूल

भाऊ, निलगिरीला सध्या हात लावू नका. मी लावला होता, म्हणून सांगून राहिलो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. ते भोक माणूस पाडतच नाही, उधई म्हणजे वाळवी पाडते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला अर्नहेम लँड नावाचा मुलूख आहे, हे वाद्य तिकडचं. तिथल्या रानात स्ट्रिंगीबार्क आणि वूलीबट नावाच्या निलगिरी असतात. उधई जमिनीतून मुळावाटे उभ्या झाडात शिरते, मधला मेलेला गाभा खाते आणि बाहेरचं जिवंत, रस वाहणारं लाकूड सोडून देते. म्हणून झाड वरून हिरवंगार, आतून नळा. आपल्याकडे उधई लागली की आपण कपाळाला हात लावतो, तिकडे ती अर्धा कारागीर आहे.

मग माणसाचं काम काय? झाड ओळखणं. जंगलात हिंडायचं, बुंध्याला कुऱ्हाडीच्या पाठीने नाहीतर बोटांच्या पेरांनी ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव झाड ठक्क करते. जास्त खाल्लेलं झाड फुटक्या डब्यासारखं बोलते, त्याची भिंत वाजवण्याइतकी उरलेली नसते. मधलं जे असते, त्याचा आवाज ठोकल्यावर क्षणभर आत राहते. कुंभाराकडे मडकं घेताना आपली आई टिचकी मारून कान लावते ना, तेच. तोडल्यावर साल काढायची, आतली उधईची माती काठीने, पाण्याने, कधी निखाऱ्याने साफ करायची, बाहेरून तासून भिंत पातळ करायची. वरच्या तोंडाला मधमाशीच्या मेणाचं कडं. झालं. ऐकायला सोपं आहे, पण सगळं कसब त्या पहिल्या ठोक्यात आहे.

माझा मावसभाऊ तिकडे ऑस्ट्रेलियात डार्विन शहरात नोकरीला होता. २०१८ च्या दिवाळीत तो एक अस्सल वाद्य घेऊन आला, अर्नहेम लँडमधल्या यिरकला गावच्या कला केंद्रातून घेतलेलं. मी वाजवायच्या आधी आत टॉर्च मारली. मला वाटलं होतं पाइपासारखं गुळगुळीत असेल. नाही. लांबच लांब नाळ्या, मधे उंचवटे, एका जागी अंगठा मावेल असा खड्डा. वर तोंड जेमतेम रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, खाली मूठ सहज जाईल एवढं रुंद, आणि हे रुंदावणंसुद्धा सरळ रेषेत नाही. कुठे अडून, कुठे एकदम मोकळं. मी अर्धा तास नुसता आतच पाहत बसलो. आमचे आजोबा बंडीची चाकं करायचे, आरा न् आरा सारखा. त्या घरात वाढलेल्या माणसाला हे लाकूड पाहून आपलं शिकलेलं बाजूला ठेवावं लागते.

आता माझ्या निलगिरीचं. आमच्या बांधावर चौदा झाडं होती. चौदाच्या चौदा ठोकून पाहिली, सगळी ठक्क. आपल्याकडची लागवडीची कोवळी झाडं, त्यांना पोकळ व्हायला सवडच मिळत नाही. एक वादळात पडलं तेव्हा आरा मशीनवर उभं चिरून दोन फाकी केल्या, गोल पटाशीने दोन्ही कोरल्या, फेव्हिकॉल लावून परत जोडल्या, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून ठेवल्या. एकोणीस दिवस लागले. वाजलं, आणि छान वाजलं. दोन महिन्यांनी जोडावर उकललं, कारण लाकूड ओलं होतं आणि मला धीर नव्हता. चिरलेलं लाकूड सावलीत निदान वर्षभर वाळू द्या, मग कोरा. रीत चुकीची नाही, बाहेरदेशीचे कितीतरी कारागीर अशीच दोन फाकींची करतात. पण ते पुढच्या वर्षीचं काम झालं.

यंदा बांबूच करा. तुमच्यात तीन गोष्टी चुकल्या असाव्यात.

काटंग बुडाशी बाहेरून जाड दिसते, पण त्याची भिंतही तिथेच सगळ्यात जाड राहते. म्हणजे बाहेरून रुंद, आतून अरुंद. तुम्ही जाड बाजू खाली ठेवली, म्हणून आवाजाची वाट खाली मोकळी व्हायच्या ऐवजी आवळली गेली. खालची दीड-दोन फुटं आतून कोरून मोकळी करा. मी लांब सळाखेला गोल पातं वेल्ड करून घेतलं आहे, शेवटचं निखाऱ्याने जाळतो आणि खरवडतो. मानवेल जातीचा बांबू मात्र घेऊ नका, आपल्या कोरड्या रानातला मानवेल बुडाशी जवळपास भरीवच असते.

दुसरं, पेरं. सळाखेने मधे भोक पडते, पण पडद्याची कड भिंतीला चिकटून राहते. टॉर्च लावून पाहा, आत बांगड्या बसवल्यासारख्या दिसतील. त्या पूर्ण घासून काढा. काठीला जाड पॉलिश पेपर गुंडाळला की जमते.

तिसरं, चीर. केसाएवढी चीर असली तरी घुमारा मरते. खालचं तोंड तळहाताने बंद करा आणि वरून हवा ओढा. जीभ नळ्याच्या तोंडाला चिकटून राहिली तर नळा बंद आहे. सुटली तर कुठूनतरी हवा जाते. चिरेत मेण आणि लाकडाचा भुसा भरा, वरून सुतळी फेव्हिकॉलमध्ये भिजवून घट्ट गुंडाळा.

पुढचा बांबू तोडाल तो दिवाळीनंतर, तीन वर्षांवरचा. कोवळ्यात गोडवा असते, घुण लागते. दोन-तीन आठवडे नाल्याच्या वाहत्या पाण्यात दाबून ठेवा, मग सावलीत आडवा टाकून हळूहळू वाळवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ठेवला की चिरणारच. वाळल्यावर आतून जवसाचं तेल ओता, नळा फिरवत राहा, उरलेलं काढून टाका. असे दोन-तीन हात द्या. जवसाचं तेल सुकून कडक होते, म्हणून तेच. गोडं तेल तसंच चिकट राहते. वाजवण्याआधी आतून एक तांब्या पाणी फिरवायची रीत तिकडेही आहे. लाकूड फुगते, बारीक फटी मिटतात, आवाज उघडते.

मेण आग्याच्या पोळ्याचं मिळालं तर उत्तम. तिकडे नांगी नसलेल्या बारक्या माश्यांचं काळसर मेण वापरतात. कोमट पाण्यात मऊ करून वळी करा, तोंडावर बसवा, बोटाने आतली कड गुळगुळीत करा. भोक साधारण तीन सेंटिमीटर. मोठं ठेवलं की हवा पुरत नाही.

आणखी एक, हे मला मनापासून सांगायचं आहे. 'डिजेरिडू' हे नाव गोऱ्यांनी आवाजावरून पाडलं. पूर्व अर्नहेम लँडमधले योल्ङु लोक त्याला यिडाकी म्हणतात, पश्चिमेकडे मागो म्हणतात. ते त्यांच्या विधींचं वाद्य आहे. गाणारा बिल्मा नावाच्या लाकडी काठ्यांवर ठेका धरते आणि त्याच्या गाण्याखाली हे चालते. अंगावर जी नक्षी असते ती त्या त्या कुळाची असते, कोणीही कोणाची काढत नाही. बाजारात ठिपके मारलेली सागाची, बांबूची भरपूर मिळतात, त्यातली बरीच इंडोनेशियात होतात. अशा बाहेरच्या वस्तू आदिवासींच्या म्हणून विकल्याबद्दल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने एका कंपनीला २३ लाख डॉलर दंड ठोकला. तुम्ही तुमचं करा, वाजवा, कोणी विचारलं तर सांगा की हा आपल्या काटंगाचा नळा आहे, विद्या त्यांची आहे. पाहुण्यांना विकायचं मनात आलं तर त्यावर ती नक्षी काढू नका.

काकाच्या बांधावरचा बांबू घेतला हे बरं केलं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वनकायद्यात 'झाड' राहिला नाही. तुमची नोकरी कोअरच्या, म्हणजे राखीव जंगलाच्या गाभ्याच्या दारात आहे, रानातल्या बांबूला कोणाच्या सांगण्यावरूनही हात लावू नका.

सनईवाला, उमरेड

श्वासाचं मी सांगतो. आमच्याकडे तीन पिढ्या सनई. लहानपणी लग्नात वडील वाजवायचे आणि मी बाजूला बसून नुसता सा धरायचो, वरात संपेपर्यंत. तो तुटला की वडील न बोलता माझ्याकडे पाहायचे.

पपईच्या पानाचा देठ घ्या, पेलाभर पाण्यात बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा. छातीतली हवा संपत आली की गाल फुगवा. आता बुडबुडे गालाच्या हवेवर चालवायचे आणि त्याच क्षणी नाकाने झटकन श्वास ओढायचा. बुडबुडे थांबले नाहीत म्हणजे जमलं. माझा पुतण्या बारा दिवसांत शिकला, मला दोन महिने लागले होते.

सनईत भोक बारीक, हवा थोडी आणि जोर जास्त. तुमच्या नळ्यात ओठ सैल, घोडा फुरफुरते तसे, आणि हवा भसकन जाते. गाल लवकर रिकामे होतात. म्हणून सुरुवातीला श्वास लपवायला जाऊ नका. ठेक्यात ठरलेल्या जागी घ्या. मी या वाद्याचं जेवढं ऐकलं त्यात चांगले वाजवणारे तेच करतात, श्वासाचा हुंकारच ताल होऊन जाते. ओठ दाबू नका. दाबले की तुतारीसारखा वरचा स्वर निघेल, घुमारा नाही.

फिजिक्सच्या मॅडम, वरोरा

पाहुण्यांनी पाइप उचलला यात मोठा धडा आहे. बांबू दुरुस्त होईपर्यंत तुम्हीही दीड इंची पीव्हीसी पाइप घ्या, १.२ मीटर कापा, तोंडाला मेण लावा आणि ओठांचा सराव सुरू करा. तो चिरणार नाही.

हिशोब सोपा आहे. ओठांकडून नळा बंद धरला जातो, म्हणून लहरीची लांबी नळ्याच्या चौपट, ४.८ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर सेकंदाला सुमारे ७२ कंपनं. पेटीवर पांढरी दोनच्या जवळ, पण फार खालच्या सप्तकात. सरळ पाइपात ओठ आवळले तर पुढचा स्वर तिप्पट कंपनांचा मिळतो, म्हणजे वरच्या सप्तकातला प. खाली रुंद होत गेलेल्या लाकडात तोच स्वर खाली सरकतो. दादांनी टॉर्च मारून पाहिलेल्या त्या वेड्यावाकड्या भिंतीमुळे प्रत्येक झाडाची ही जागा वेगळी. दोन यिडाकी सारखी वाजत नाहीत ती याच कारणाने.

आणि स्वर एकच असून तो बोलल्यासारखा का वाटतो? सिडनीच्या संशोधकांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये हे मोजून दाखवलं. वाजवताना जीभ हलली की तोंडातल्या पोकळीचा आकार बदलतो, त्यामुळे आवाजातले काही पट्टे दबतात आणि त्यांच्या मधले उठून ऐकू येतात. आपण आ-ई-ऊ म्हणतो तेव्हा साधारण हेच होतं. म्हणून नळ्यात न बोलता 'आ-ई-ऊ'च्या जागी जीभ नेऊन पाहा. नववीच्या मुलांना मी हे वर्गात करून दाखवलं, मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन उभी राहिली.

घरात कोणी जोरात घोरत असेल तर त्यांनाही पाइप द्या. झोपेत श्वास अडणाऱ्या २५ जणांवर स्वित्झर्लंडमध्ये चार महिन्यांचा अभ्यास झाला होता, रोजच्या वाजवण्याने दिवसाची पेंग कमी झाली. डॉक्टरांचा उपचार मात्र सोडायचा नाही.

मोहर्लीचा वाटाड्या

सगळ्यांचे आभार. दादा, टॉर्च मारली. आत खरंच चार बांगड्या होत्या, आणि बुडाशी भोक माझ्या दोन बोटांएवढं. तीन रात्री खरवडलं. चिरेत मेण आणि भुसा भरला, वरून सुतळी गुंडाळली. हवा ओढून पाहिली, जीभ चिकटली.

काल वाजवला. आता छातीवर हात ठेवला तर हाताला कळते. पण खालून तिसऱ्या पेराजवळ नळा थरथरते आणि झण्ण असा आवाज येते. सुतळी सैल असेल का? श्वास अजून तुटते. आई म्हणते पपईच्या झाडाला पान ठेवलं नाही.

सुताराचा नातू, मूल

सुतळी नाही. सैल सुतळी फडफडते, झण्ण करत नाही. त्या पेराच्या आत पडद्याची एखादी पातळ काडी लटकून राहिली असेल, वाजवताना ती भिंतीवर आपटते. नळा उन्हाकडे धरून खालच्या बाजूने पाहा, दिसेल. पॉलिश पेपरने एक हात मारा. तरीही आलाच, तर चिरेतलं मेण आतून सुटलं आहे का ते बोटाने चाचपा. पुढच्या बुधवारी मी चंद्रपूरला येऊन राहिलो, पातं लावलेली सळाख सोबत आणतो.