स्टेट पार्कमध्ये घोड्यावरून एक दिवस: आखणी कशी केलीत? (अनुभव धागा)

अमेरिकेतल्या बऱ्याच स्टेट पार्कांत घोड्यांसाठी राखलेल्या वाटा असतात. काही ठिकाणी पार्कातच घोडा भाड्याने मिळतो, तर काही ठिकाणी आपला घोडा ट्रेलरमध्ये घालून न्यावा लागतो. दोन्ही प्रकारे जाऊन आलेल्यांनी इथे लिहावं. नुसतं 'मजा आली' नको, तयारी काय केलीत ते हवं. सुरुवात मीच करते.

इंडियाना, भाड्याचा घोडा
आम्ही ब्राउन काउंटी स्टेट पार्कला गेलो. हे पार्क 1929 पासूनचं आणि राज्यातलं सर्वांत मोठं. जवळचं गाव नॅशव्हिल, पण टेनेसीतलं नव्हे. ऑक्टोबरात पानांचे रंग पाहायला शनिवार-रविवारी तोबा गर्दी होते, म्हणून आम्ही आठवड्यातला मधला वार निवडला. वाटाड्या पुढे असतो आणि घोडे चालीनेच जातात, त्यामुळे नवख्यांनाही जमतं. मुलांचं किमान वय आणि मोठ्यांच्या वजनाची मर्यादा मात्र आधी फोन करून विचारा. घोड्याने खोगिरासकट आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं ओझं वाहावं, असा संकेत आहे. म्हणजे 450 किलोच्या घोड्यावर 90 किलो, आणि त्यात खोगीर आलंच. हा प्रश्न विचारताना कुणी संकोचू नये. पाठ त्या मुक्या जनावराची आहे. बूट टाच असलेले घाला, म्हणजे पाय रिकिबीतून (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जात नाही.

टेक्सास, स्वतःचा घोडा
आमचं आवडतं ठिकाण बँडेराजवळचं हिल कंट्री स्टेट नॅचरल एरिया. 40 मैलांहून जास्त वाटा आहेत. यातली बरीचशी जमीन मेरिक कुटुंबाने दिली, तीही आधुनिक सुधारणांपासून दूर ठेवायच्या अटीवर. त्यामुळे सोयी मोजक्याच. पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं.

तयारी कागदांपासून सुरू होते. टेक्सासच्या पार्कांत प्रत्येक घोड्याचा गेल्या 12 महिन्यांतला कॉगिन्स चाचणीचा निगेटिव्ह दाखला लागतो. ही रक्ततपासणी घोड्यांच्या संसर्गजन्य अॅनिमियासाठी असते. तो चावणाऱ्या मोठ्या माश्यांमधून पसरतो, त्यावर औषध नाही आणि बाधित घोडा जन्मभर रोगाचा वाहक राहतो. दाखल्यासाठी कुणी अडवलं तर रागावू नका, त्यात आपल्याच घोड्याचं रक्षण आहे. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तेव्हा पशुवैद्याला आदल्या आठवड्यात नव्हे, बरंच आधी गाठा.

जमीन चुनखडीची, दगडगोट्यांची. नाल ढिले नाहीत ना, हे निघायच्या आधी नालबंदाकडून पाहून घ्या. पावसानंतर वाटा बंद ठेवतात, म्हणून सकाळी ट्रेलर जोडण्यापूर्वी पार्कात फोन करायचाच. आणि तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा! निघताना घोडा पोट फुगवून उभा असतो. दहा-पंधरा मिनिटं चालून झाली की उतरून तंग पुन्हा आवळा. माझ्या मते दिवसभरातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच.

साउथ डकोटा
कस्टर स्टेट पार्कात बायसनचे (अमेरिकेतल्या रानगव्यांचे) मोठे कळप मोकळे फिरतात. वाटेवर कळप आला तर थांबायचं, लांबून वळसा घ्यायचा, नाहीतर सरळ मागे फिरायचं. म्हणून आखणीत एक-दोन तास मोकळे ठेवा. सप्टेंबरअखेर तिथे बायसन हाकून एकत्र आणण्याचा वार्षिक कार्यक्रम असतो. तो बघायचा नसेल तर ते दिवस टाळा.

पेनसिल्व्हेनिया
घोडा झाडाला बांधू नका. तो खुरांनी मुळं उकरतो, साल कुरतडतो. त्यातून आमच्याकडे रेड मेपलची झाडं खूप आहेत. त्याची सुकलेली पानं खाल्ली तर घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, जिवावर बेतू शकतं. बांधायला दांडा असेल तिथेच जेवायला थांबा. पायी चालणारे भेटले तर आधी बोला, त्यांनाही बोलतं करा. माणसाचा आवाज ऐकला की घोडा निवळतो. पाठीवर मोठी सॅक घेतलेला, न बोलणारा माणूस त्याला भलतंच काही वाटतो. पुढच्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत दिसली तर लांब राहा, तो लाथ मारणारा आहे.

माथेरानमध्ये वाढलेली, आता कॅलिफोर्नियात
लहानपणी घोड्यावर बसले ते घोडेवालेकाकांच्या भरवशावर. लगाम त्यांच्या हातात, आपण नुसतं बसायचं. इथे वाटाड्या बरोबर असला तरी आपल्या घोड्याचा लगाम आपल्याच हातात असतो. 'बसलेय की मी घोड्यावर' या अनुभवावर विसंबू नका. आधी रिंगणात थोडे धडे घ्या. थांबवणं, वळवणं आणि उतारावर मांड सांभाळणं जमलं की मग जंगलाचं बुकिंग करा. हेल्मेट मागून घ्या, कुणी दिलं नाही तरी.

ओहायो
अंतर ठरवताना चालीचा हिशेब तासाला चार मैलांपेक्षा जास्त धरू नका. चढ आणि विश्रांती धरून कमीच. घोड्याला दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी लागतं, उन्हात आणखी. अनोळखी पाण्याला काही घोडे तोंड लावत नाहीत, म्हणून घरचं पाणी पिंपात भरून ट्रेलरमध्ये ठेवतो. नकाशावर ओढे कुठे आहेत ते पाहून वाट ठरवतो, देखावे कुठले लागतात ते नंतर. परतल्यावर आधी खोगीर उतरवणं, पाणी, वैरण, खूर साफ करणं. आपले डबे त्यानंतर उघडायचे. रात्री मुक्काम करणार असाल तर तणाच्या बिया नसलेलं प्रमाणित गवतच लागतं का, हे त्या पार्कला आधी विचारा. काही ठिकाणी दुसरं आत नेऊ देत नाहीत.