पन्हाळ्यावर लॉज चालवायचं का दरवर्षी नवीन नियम पाठ करायचे?

तीन दरवाजा: गडावर आमचं चार खोल्यांचं लॉज हाय, वडिलांपासनं. २०१७ ला जीएसटी आला तवा हजाराच्या आतली खोली करमुक्त होती, जुलै २०२२ ला तीच १२ टक्क्यात घातली, आणि सप्टेंबर २०२५ पासनं ५ टक्के, पण खर्चावर भरलेल्या कराची वजावट बंद. गिऱ्हाईकाला काय दर सांगायचा तेच कळंना झालंय. त्यात जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ल्यांत पन्हाळा आला, आम्ही पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी आई म्हणते, आता न्हाणीची भिंत पडली तर बांधायला कुणाला विचारायचं?

रंकाळा कट्टा: भावा चार खोल्यांत वीस लाखाच्या वर धंदा होतोय व्हय? त्याच्या आत असशील तर जीएसटी नोंदणीच लागत नाही, उगं रडू नको. आणि भिंतीचं युनेस्कोवर ढकलू नको. जुन्या स्मारकांचा कायदा १९५८ चा, २०१० ला कडक केला, स्मारकाच्या हद्दीपासनं १०० मीटरात नवीन बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरात परवानगी काढून. डागडुजीला बंदी नाही, अर्ज कर. हे नसतं तर गडावरच्या अंधारबावी विहिरीवर एखाद्यानं झुणका भाकर केंद्र थाटलं असतं.

तीन दरवाजा: नोंदणी नाहीच माझी. पण ॲपवरनं बुकिंग आलं की ॲपवाला कर लावूनच पैसे घेतोय, गिऱ्हाईक शिव्या मला घालतंय. आता बोल.

रंकाळा कट्टा: बरं, ते मान्य. हे माहीत नव्हतं.

गवा रेडा: मी राधानगरीकडचा. दाजीपूरचं जंगल संस्थानकाळात शिकारीचं, १९५८ ला अभयारण्य झालं. नियम बदलला म्हणून आज लोक गवा बघायला येतात आणि आमच्या पोरांच्या जीपा चालतात. बदलाला काय घाबरायचं?

तीन दरवाजा: गवा घर बांधत नाही दादा. जंगलात माणसं कमी, गडावर अख्खं गाव राहतंय, आमची म्हातारी तिथंच जन्मली. एकाच नियमात दोघांना बसवू नका की.

गवा रेडा: ते बी खरंय म्हणा. पण मोकळं सोडलं तर बाहेरचा पैसेवाला येऊन पाच मजली बांधंल, मग तुझं चार खोल्यांचं लॉज कुठं दिसणार?

तीन दरवाजा: हा मुद्दा पटला, पण फुडं?

रंकाळा कट्टा: भिंतीचं काय झालं ते सांग आधी.

तीन दरवाजा: पावसात पडली. अर्ज दिलाय. सध्या ताडपत्री.