जिल्हा परिषदेच्या शाळेतले उपक्रम आणि गावाचा हातभार: तुमचे अनुभव सांगा

जूनमध्ये गावाकडच्या शाळेत प्रवेशोत्सवाला गेले होते. पहिलीची पोरं सजवलेल्या बैलगाडीतून आणली, पुढे लेझीम, आणि एक पोरगं 'मला घरी जायचंय' म्हणून असलं भोकाड पसरून बसलं की लेझीमवाले पण थांबले, शेवटी त्याच्याच हातात एक लेझीम दिली तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. तर तुमच्या शाळेत गावाने काय काय केलं ते लिहा. हारतुरे आणि भाषणं सोडून प्लीज.

*

मी शिक्षिका आहे. आमच्याकडे दरवर्षी बालबाजार भरतो, पोरं घरची भाजी आणून विकतात. चौथीतल्या एकीला हातच्याची वजाबाकी फळ्यावर काही केल्या जमत नव्हती, तीच पोरगी 7 ला एक अशा कोथिंबिरीच्या दोन जुड्या देऊन 50 च्या नोटेतून 36 परत देत होती, बोटं न मोजता. एक आजोबा म्हणाले 12 ला दे, ही म्हणाली मग एकच न्या. सोमवारी मी खोट्या नोटा घेऊन वर्गात गेले आणि वजाबाकी परत पहिल्यापासून घेतली. इतकी वर्षं मीच उलटं शिकवत होते असं वाटलं खरं सांगायचं तर.

*

आमचा वनराई बंधारा! पाऊस संपला की ज्याच्या घराचं बांधकाम चाललंय त्याच्याकडून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मागून आणायच्या, माती भरून तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. गुर्जी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात, पोरं रांगेत, आणि काठावर गावातली चार मोठी माणसं नुसती सूचना द्यायला, पण दुसऱ्या वर्षी तीच माणसं स्वतःहून फावडी घेऊन आली. संक्रांतीपर्यंत पाणी टिकायचं.
(आमच्या वेळी खिचडी नव्हती, महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा, तो पण 80 टक्के हजेरी असेल तर. ताप असला तरी आई शाळेत ढकलायची!)

*

आमच्याकडे फक्त स्नेहसंमेलन. दरवर्षी कोळीगीत, दरवर्षी टोपल्या आमच्याच घरच्या. त्यातली एकही परत आली नाही.

*

मी शाळा व्यवस्थापन समितीत होते. शिक्षण हक्क कायद्याने समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात, म्हणून माझं नाव घातलं. पहिलं वर्षभर रजिस्टर घरी यायचं, मी सही करायची, झाली मीटिंग. मग एकदा लेक म्हणाली शाळेत पाणी पीत नाही, का तर मुलींच्या संडासाला कडी नाही न् आत पाणी नाही. पुढच्या मीटिंगला मी स्वतः गेले, सोबत तिघीजणी नेल्या, रंगरंगोटीचा विषय चालला होता तो थांबवला. एका मुलाचे वडील प्लंबर निघाले, त्यांनी रविवारी पाईप टाकून दिला, मजुरी घेतली नाही. कडी मी बसवून घेतली. भिंतीवरचा हत्ती दोन महिने उशिरा रंगला, काही बिघडलं नाही.

*

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. लोकवर्गणी चांगलीच, पण आमच्या इथे कोणी किती दिले याची यादी माईकवर वाचली, ज्यांनी दिले नाहीत त्यांची पोरं समोर बसलेली. आणि झाड एक, लावणारे हात वीस, फोटो चाळीस. ते झाड पुढे शिपाईमामांनी जगवलं, ते एकाही फोटोत नाहीत.

*

आमचं गाव ऊसतोडीचं. दिवाळी झाली की आईबाप कारखान्याला, आणि अर्धा वर्ग गाडीत. हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण पोरगं मागे ठेवायला आईचं मन होत नाही. आईबाप पालावर निघायच्या आधी आमच्या मॅडम आणि गावातल्या दोन आज्या घरोघर फिरल्या, आजी सांगायची, रात्रीला मी हाय तिथं. त्या वर्षी नऊ पोरं राहिली. रोज संध्याकाळी मॅडमच्या मोबाईलवरून आईला फोन, प्रत्येकाला दोन मिनिटं. एक जण काही बोलायचाच नाही, नुसता सतराचा पाढा म्हणून दाखवायचा आणि फोन पुढच्याकडे द्यायचा.