प्रतिसाद: रक्त पुरेसे नाही, पाठीतले पाणी लागतेच

लिक्विड बायोप्सी (शरीरातील द्रवात मिसळलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी) रक्तावर होऊ लागल्याने लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) मेंदूपर्यंत पोहोचला का, हे पाहण्यासाठी पाठीतून पाणी काढण्याची गरज उरणार नाही, या मताशी मी सहमत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसरामुळे मज्जासंस्थेतील गाठीचा डीएनए रक्तात फार थोडा उतरतो. मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, म्हणजेच पाठीतून काढतात त्या पाण्यात, तो अधिक सापडतो. लिक्विड बायोप्सीचा फायदा वेगळा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अखंड पेशी दिसाव्या लागतात, तर या तपासणीत फुटलेल्या पेशींच्या डीएनएचे तुकडेही, उदाहरणार्थ एमवायडी८८ जनुकातील एल२६५पी हा मेंदूतल्या लिम्फोमात अनेकदा आढळणारा बदल, शोधता येतात.

हा फरक खेड्यातल्या रुग्णासाठी किती मोलाचा आहे, हे मी मोठेबाबांच्या आजारात पाहिले. यवतमाळला सकाळी काढलेल्या पाण्याच्या दोन लहान बाटल्या रुमालात गुंडाळून मी एसटीने नागपूरला नेल्या, तोवर संध्याकाळ झाली होती. या द्रवातील पेशी काही तासांतच नष्ट होऊ लागतात, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. अहवालात ‘पेशी अपुऱ्या’ एवढेच आले. पुढे नागपुरातच पुन्हा पाणी काढून लगेच फ्लो सायटोमेट्री (पेशींवरील खुणा लेसरने ओळखणारी तपासणी) केली, तेव्हा निदान झाले. डोकेदुखीसाठी आधी दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनेही लिम्फोमाच्या पेशी मरतात आणि निदान झाकले जाते. म्हणून ते औषध कधी सुरू झाले, ती तारीख नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहून देण्याची विनंती नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य करावी.